फाइल नेमकी कुठे आहे? फोल्डर रिडायरेक्शनच्या बिघाडांचा आढावा

प्रिंटर अडला तर माणूस चिडतो, इंटरनेट गेले तर कंटाळतो. पण सकाळी लॉगिन केल्यावर डेस्कटॉप कोरा दिसला आणि डॉक्युमेंट्समध्ये एकही फाइल नसली, तर त्याच्या पायाखालची जमीन सरकते. आयटी विभागाकडे सर्वांत घाबऱ्या आवाजात येणारी तक्रार हीच. गंमत अशी, की बहुतेक वेळा फायली गेलेल्या नसतात. त्या दुसरीकडे असतात, आणि कुठे आहेत हे त्या क्षणी ना वापरणाऱ्याला ठाऊक असते, ना मदतीला धावून आलेल्या माणसाला.

ज्या कार्यालयांचे संगणक मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरी डोमेनला जोडलेले असतात, तिथे या प्रकारामागे फोल्डर रिडायरेक्शन असण्याची शक्यता मोठी. सोय तशी साधी आहे. डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, पिक्चर्स ही फोल्डरे आपल्याच संगणकात असल्यासारखी दिसतात, पण त्यांचा पत्ता बदलून सर्व्हरवरच्या एखाद्या शेअरचा केलेला असतो. संगणक बिघडला, बदलला किंवा माणूस दुसऱ्या टेबलावर बसला, तरी फायली जागच्या जागी. बॅकअपही एकाच ठिकाणी घेता येतो. लेखा विभागातल्या प्रत्येक यंत्राची हार्ड डिस्क स्वतंत्र जपत बसण्यापेक्षा हे केव्हाही बरे.

बिघाड झाला की मात्र सल्ल्यांचा पाऊस पडतो. परमिशन बदला, कॅशे पुसा, पॉलिसी काढून पुन्हा लावा, प्रोफाइल नवे करा. यातला प्रत्येक उपाय कुठल्या ना कुठल्या बिघाडावर अचूक आहे, आणि चुकीच्या बिघाडावर लावला तर तोवर सुखरूप असलेल्या फायली खरोखर घालवणारा आहे. म्हणून कोणत्याही दुरुस्तीआधी एकच प्रश्न सोडवायचा: या माणसाच्या फायलींची ताजी प्रत आत्ता नेमकी कुठे आहे? त्याचे उत्तर हातात येईपर्यंत काहीही पुसायचे नाही, हलवायचे नाही. पुढचा सगळा आढावा या एका प्रश्नाभोवती आहे.

चार जागी चार नोंदी

विंडोज एनटीच्या काळात रोमिंग प्रोफाइल होते. लॉगिन करताना माणसाचे सगळे प्रोफाइल सर्व्हरवरून संगणकावर उतरायचे आणि लॉगऑफ करताना परत वर जायचे. फायली थोड्या होत्या तोवर हे निभावले. त्या वाढल्या तसे लॉगिन म्हणजे चहा घेऊन यायची वेळ झाली. विंडोज 2000 बरोबर ॲक्टिव्ह डिरेक्टरी आणि ग्रुप पॉलिसी आली, तिच्यातच फोल्डर रिडायरेक्शन आले. जड फोल्डरे वाहून न्यायचीच नाहीत, ती सर्व्हरवर राहू द्यायची आणि प्रोफाइलमध्ये फक्त पत्ता ठेवायचा, अशी ती कल्पना. तेव्हा पाच फोल्डरे वळवता येत: ॲप्लिकेशन डेटा, डेस्कटॉप, माय डॉक्युमेंट्स, माय पिक्चर्स आणि स्टार्ट मेनू. व्हिस्टापासून ही संख्या 13 झाली. मधल्या एक्सपीने एक गोष्ट आपणहून जोडून दिली: वळवलेल्या फोल्डरांची प्रत संगणकावर ठेवणारी ऑफलाइन फाइल्सची व्यवस्था. तिच्याबद्दल पुढे सविस्तर बोलावे लागेल, कारण रिडायरेक्शनच्या नावावर फुटलेली निम्मी खापरे तिची आहेत.

म्हणजे एका साध्या डॉक्युमेंट्स फोल्डरमागे चार नोंदी असतात. पहिली डोमेनवरची ग्रुप पॉलिसी, जी सांगते की अमक्या लोकांचे फोल्डर तमक्या शेअरवर असावे. दुसरी त्या माणसाच्या रजिस्ट्रीतली 'युझर शेल फोल्डर्स' ही की, जिथे सध्याचा खरा पत्ता लिहिलेला असतो. तिसरी सर्व्हरवरचे प्रत्यक्ष फोल्डर, त्याच्या परमिशन आणि मालकीसकट. चौथी संगणकावरची ऑफलाइन प्रत. चारही जुळल्या की सगळे निमूट चालते, आणि बिघाड म्हणजे यांतल्या कोणत्यातरी दोघींचे न जुळणे.

अनुभवी माणूस आधी रजिस्ट्रीतली नोंद पाहतो. पॉलिसी काय म्हणते यापेक्षा हा संगणक या क्षणी कुठे बोट दाखवतो आहे, हे तिथे कळते. डॉक्युमेंट्सची नोंद तिथे 'पर्सनल' या जुन्या नावाने असते, त्यामुळे नवख्याला ती सापडत नाही. शेजारीच 'शेल फोल्डर्स' नावाची जवळपास तशीच दिसणारी दुसरी की आहे. ती जुन्या प्रोग्रामांसाठी ठेवलेली आहे. तिच्यात हात घालून उपयोग नाही.

आदेश पोहोचलाच नाही

सर्वांत सौम्य बिघाड म्हणजे पॉलिसी लागूच न होणे. इथे फायली धोक्यात नसतात, फक्त अपेक्षेच्या जागी नसतात.

यातले सर्वांत नेहमीचे कारण वेळेचे आहे. फोल्डर रिडायरेक्शन फक्त लॉगिनच्या वेळी लागू होते, तेही पॉलिसीची प्रक्रिया पूर्ण होईस्तोवर लॉगिन थांबून राहिले तरच. म्हणूनच जीपीअपडेट ही आज्ञा चालवली, की ती लॉगऑफ करू का असे विचारते. एक्सपीपासून मायक्रोसॉफ्टने लॉगिन जलद केले: नेटवर्क येण्याची वाट न पाहता माणसाला आत घ्यायचे आणि पॉलिसी मागाहून पार्श्वभूमीत लावायची. परिणाम असा, की नवी पॉलिसी एका लॉगिनला नुसती लक्षात येते आणि दुसऱ्या लॉगिनला लागू होते. सुरक्षा-गटानुसार वेगवेगळे पत्ते देणारा 'ॲडव्हान्स्ड' प्रकार वापरला असेल तर तिसरे लॉगिनही लागू शकते. "काल सांगितलं तसं रीस्टार्ट केलं, काही झालं नाही," असे म्हणणारा कर्मचारी बहुधा खरेच बोलत असतो. संगणक सुरू होताना आणि लॉगिन करताना नेटवर्कची वाट पाहा, अशी एक पॉलिसी उपलब्ध आहे. ती लावली की हा प्रश्न बराचसा मिटतो.

वाय-फायवरच्या लॅपटॉपांना तीही नेहमी पुरत नाही, कारण लॉगिन झाल्यावरच वाय-फाय जोडले जाईल अशी मांडणी असेल तर वाट पाहायला नेटवर्कच नसते. शिवाय जोडणी 500 किलोबिट प्रतिसेकंदाहून मंद भासली, तर मूळ मांडणीत फोल्डर रिडायरेक्शनची प्रक्रिया वगळली जाते. दूरच्या शाखेतला एकच संगणक पॉलिसी घेत नसेल तर हे आधी तपासावे.

मग डीएनएस. डोमेनवरच्या संगणकाने डोमेनचाच डीएनएस विचारायला हवा. पण कुणीतरी राउटर बदलतो, नवा राउटर आपणहून इंटरनेट कंपनीच्या डीएनएसचा पत्ता वाटू लागतो, आणि संगणकाला स्वतःचा डोमेन कंट्रोलर सापडेनासा होतो. दुसरा, पर्यायी डीएनएस म्हणून बाहेरचा पत्ता भरून ठेवणे हीसुद्धा तीच चूक, फक्त कधीकधीच दिसणारी, म्हणून जास्त छळणारी. जुन्या यंत्राची मदरबोर्डवरची बॅटरी संपून घड्याळ मागे पडले, तरी दार बंद: केर्बेरॉस ओळखपद्धत मूळ मांडणीत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही.

आपल्याकडे वीज जाणे-येणे हे आणखी एक कारण. वीज आली की टेबलांवरचे संगणक मिनिटाभरात उठतात, सर्व्हर मात्र सावकाश तयार होतो. मधल्या वेळात ज्यांनी लॉगिन केले ते साठवलेल्या ओळखीवर आत येतात, आणि त्यांना फोल्डर उपलब्ध नसल्याची चौकट दिसते. घाबरण्याचे कारण नसते. सर्व्हर तयार झाल्यावर लॉगऑफ करून पुन्हा आत यावे. त्या अर्ध्या तासात कुणी "प्रोफाइल बिघडलंय" म्हणून ते पुसायला घेतले नाही, म्हणजे मिळवली.

जून 2016 मधला प्रसंग या वर्गातला सर्वांत बोधप्रद. मायक्रोसॉफ्टच्या एमएस16-072 या सुरक्षा-अद्यतनापूर्वी माणसासाठीची पॉलिसी त्या माणसाच्या ओळखीने वाचली जाई. त्यानंतर ती संगणकाच्या ओळखीने वाचली जाऊ लागली. ज्या कार्यालयांनी पॉलिसी ठरावीक गटापुरती मर्यादित करताना 'ऑथेंटिकेटेड युझर्स' हा गट सरसकट काढून टाकला होता, तिथल्या संगणकांना ती पॉलिसी वाचायचा हक्कच उरला नाही. सर्व्हरवर कुणी बोट लावलेले नसताना एका सकाळी पॉलिसी लागू होणे थांबले. उपाय सोपा होता, त्या गटाला किंवा डोमेनमधल्या संगणकांना नुसता वाचण्याचा हक्क देणे. पण तो सापडेपर्यंत कितीतरी जणांनी शेअरच्या परमिशन उलट्यासुलट्या केल्या असतील, ज्यांचा याच्याशी काहीही संबंध नव्हता.

मालकाचा प्रश्न

पॉलिसी पोहोचली, पण रिडायरेक्शन फसले, तर संगणक स्वतःच कबुली देतो. व्हिस्टापासूनच्या विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअरमध्ये फोल्डर रिडायरेक्शनच्या नावाने 502 क्रमांकाची नोंद पडते. यश आले असेल तर 501. या 502 मध्ये कोणते फोल्डर, कोणत्या पत्त्यावर आणि कोणत्या कारणाने अडले, हे सगळे लिहिलेले असते. इतकी स्पष्ट नोंद समोर असताना अंदाजाने उपाय करत बसणारे पाहिले, की नवल वाटते.

'नेटवर्कचा मार्ग सापडला नाही' असे कारण असेल तर मागच्या भागात जावे. 'प्रवेश नाकारला' असेल, किंवा अमुक ओळख या वस्तूची मालक म्हणून नेमता येत नाही अशा अर्थाचे काही असेल, तर गाठ सर्व्हरवरच्या फोल्डरशी आहे.

पॉलिसीत 'वापरणाऱ्याला या फोल्डरवर एकट्याचा हक्क द्या' अशी एक खूण मूळ मांडणीतच केलेली असते. ती असली, की विंडोज त्या माणसाचे फोल्डर स्वतः तयार करते, मालकी त्याला देते, आणि त्याच्याशिवाय फक्त सिस्टिमला प्रवेश ठेवते. ॲडमिनलाही नाही. आणि फोल्डर आधीच तिथे असेल, तर त्याचा मालक तोच माणूस आहे का हे तपासते. नसेल तर काम अडवते.

यातून होणारे घोळ ठरलेले आहेत. एक: व्यवस्थित स्वभावाचा ॲडमिन नव्या कर्मचाऱ्यांची फोल्डरे आधीच तयार करून ठेवतो. मालक तो स्वतः, किंवा ॲडमिनिस्ट्रेटर्स हा गट. कर्मचारी लॉगिन करतो आणि 502. फोल्डरे आधी करून ठेवायचीच नसतात. विंडोजला ती करू द्यायची. दोन: साहेबांना कुणाच्या तरी फोल्डरमधली फाइल तातडीने हवी असते. ॲडमिनला प्रवेश नाही, म्हणून तो आतल्या सगळ्या फायलींसकट मालकी स्वतःकडे घेतो. फाइल मिळते, साहेब खूश. पुढे कधीतरी त्या कर्मचाऱ्याला नवा संगणक मिळतो, रिडायरेक्शन नव्याने लागू व्हायला जाते आणि मालकी न जुळल्यामुळे अडते. दोन्ही घटनांत महिन्यांचे अंतर असल्याने संबंध कुणाला लागत नाही. तीन: सर्व्हर बदलताना फायली साध्या कॉपी-पेस्टने नेल्या जातात, आणि नव्या सर्व्हरवर सगळ्यांचा मालक कॉपी करणारा ॲडमिन होऊन बसतो. रोबोकॉपीला मालकी आणि परमिशनसकट सगळे न्यायला सांगता येते, तेच करावे. वेळ निघून गेली असेल तर आयकॅकल्स ही आज्ञा मालकी ज्याची त्याला परत देऊ शकते.

मूळ फोल्डरची मांडणी मायक्रोसॉफ्टने वर्षानुवर्षे सांगितली आहे ती अशी. सिस्टिमला पूर्ण हक्क. 'क्रिएटर ओनर' या विशेष ओळखीला फक्त आतल्या फोल्डरांवर आणि फायलींवर पूर्ण हक्क. कर्मचाऱ्यांच्या गटाला फक्त या एका पातळीवर यादी पाहण्याचा आणि नवे फोल्डर करण्याचा हक्क, तो खाली न उतरणारा. हा शेवटचा तुकडा चुकला, म्हणजे हक्क खाली झिरपत राहिले, तर एकट्याच्या हक्काची खूण काढलेल्या कार्यालयात शेजारच्या टेबलावरच्या माणसाला सगळ्यांच्या पगारपत्रकांपर्यंत वाट मिळते. याशिवाय शेअरच्या पातळीवरची परमिशन वेगळी असते. नवा शेअर केला की तिथे मूळ मांडणीत सर्वांना फक्त वाचण्याचा हक्क असतो, आणि दोन्ही पातळ्यांपैकी जी कडक ती चालते. आतले सगळे बरोबर असूनही 'प्रवेश नाकारला' दिसण्याचे हे साधे कारण हमखास विसरले जाते.

एकट्याच्या हक्काची खूण ठेवावी की काढावी? माझे मत काढावी असे आहे. ॲडमिनला फोल्डरे उघडता येणार नाहीत हे संरक्षण कागदावरचे आहे, कारण तो मालकी केव्हाही घेऊ शकतो. खूण काढली की मालकीची तपासणी होत नाही, मूळ फोल्डरवरून हक्क नीट उतरतात, आणि वर सांगितलेले तिन्ही घोळ टळतात. मात्र मग मूळ फोल्डरची मांडणी डोळ्यांत तेल घालून करावी लागते.

फायली खरोखर जातात ते इथे

पत्ता बदलताना जुन्या जागेतला मजकूर नव्या जागी हलवा, ही पॉलिसीतली दुसरी खूण. हलवणे म्हणजे आधी कॉपी करणे आणि मग जुने पुसणे. आता समजा, सर्व्हरचे नाव थेट वापरण्याऐवजी डीएफएसचे टोपणनावासारखे नाव वापरायचे ठरले. शेअर तोच, डिस्क तीच, फक्त पत्ता लिहिण्याची पद्धत नवी. संगणकाला मात्र दोन वेगळे पत्ते दिसतात. तो एकातून दुसऱ्यात हलवायला जातो, दोन्ही जागा एकच असल्याने कॉपी करण्यासारखे काही उरत नाही, आणि मग 'जुने' पुसतो. जुने म्हणजेच नवे. ही कल्पित भीती नव्हे. मायक्रोसॉफ्टने यासाठी खास पॉलिसी दिली आहे: रिडायरेक्शनआधी जुना आणि नवा पत्ता एकाच शेअरवर जातो का हे पडताळून पाहा, अशी. पत्ता बदलण्याआधी ती लावावी, आणि तरीही हलवण्याची खूण काढून फायली स्वतः रोबोकॉपीने न्याव्यात. ज्या गोष्टीत चुकीची किंमत इतकी मोठी, ती शेकडो संगणकांच्या लॉगिनवर सोपवू नये.

याच्या उलटे, मजकूर न हलवता नुसता पत्ता वळवला, की एकाच नावाची दोन फोल्डरे तयार होतात: एक सर्व्हरवर, एक संगणकावर जुन्या जागी, जुन्या फायलींसह. वापरणाऱ्याला दुसरे दिसत नाही. ऑक्टोबर 2018 मध्ये विंडोज 10 च्या 1809 या आवृत्तीने नेमका इथेच घात केला. आधीच्या आवृत्तीत पत्ता वळवलेल्या काही जणांकडे त्याच नावाची रिकामी जादा फोल्डरे उमटत होती. ती साफ करणारा कोड 1809 मध्ये घातला गेला. पण ज्यांनी फायली न हलवता पत्ता वळवला होता, त्यांचे जुने फोल्डर रिकामे नव्हते. कोडने ते मजकुरासकट पुसले. 2 ऑक्टोबरला सुरू झालेले वितरण मायक्रोसॉफ्टला काही दिवसांतच थांबवावे लागले, आणि ते पुन्हा सुरू झाले 13 नोव्हेंबरला. नुकसानीच्या तक्रारी दहा हजारांत एक इतक्याच होत्या, असे कंपनीने सांगितले. ज्याची फाइल गेली त्याला या हिशेबाचे काय!

ऑफलाइन फाइल्स: मदत की उपद्रव

लॅपटॉप घरी नेला तरी फायली उघडाव्यात, सर्व्हर दहा मिनिटे बंद पडला तरी काम थांबू नये, यासाठी विंडोज वळवलेल्या फोल्डरांची प्रत संगणकावर ठेवते आणि वेळोवेळी सर्व्हरशी जुळवून घेते. हे आपोआप होते, कुणी मागितलेले नसते, आणि बहुतेकांना ते चालू आहे हेही माहीत नसते. सगळा त्रास यातूनच.

नेटवर्कला उत्तर यायला ठरावीक मर्यादेपेक्षा उशीर होऊ लागला, की संगणक ती जोडणी मंद मानतो आणि मुकाट्याने स्थानिक प्रतीवर काम करू लागतो. ही मर्यादा विंडोज 7 मध्ये 80 मिलिसेकंद होती, विंडोज 8 पासून 35. व्हीपीएनवरून किंवा गर्दीच्या लीज लाइनवरून 35 मिलिसेकंद ओलांडणे काही विशेष नाही. मग चित्र असे दिसते: शाखेतल्या बाईंनी दुपारी ताळेबंद दुरुस्त करून जतन केला, तो त्यांच्या संगणकातल्या प्रतीत उतरला. सर्व्हरवर सकाळचाच आहे. मुख्यालयातले साहेब सर्व्हरवरून उघडतात आणि फोन करतात, "अहो मॅडम, तुम्ही दुरुस्त केलाच नाहीये." दोघेही आपापल्या जागी खरे. बाई दुसऱ्या संगणकावर बसल्या तर त्यांनाही सकाळचाच ताळेबंद दिसेल, आणि मग "फाइल गेली" ही तक्रार नोंदवली जाईल.

अशा वेळी हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ऑफलाइन कॅशे पुसा. रजिस्ट्रीत 'फॉरमॅट डेटाबेस' नावाची नोंद करून संगणक पुन्हा सुरू केला की ती कोरी होते. अडकलेली जुळवाजुळव त्याने सुटतेही. पण जे बदल अजून सर्व्हरवर गेलेले नाहीत ते कायमचे जातात, आणि वरच्या उदाहरणात दुपारचा ताळेबंद फक्त तिथेच होता. म्हणून आधी सिंक सेंटरमध्ये काय अडले आहे, कुठल्या फायलींचा झगडा आहे ते पाहावे. ज्या फायली महत्त्वाच्या त्या त्याच माणसाच्या लॉगिनमधून उघडून डेस्कटॉपबाहेरच्या एखाद्या स्थानिक फोल्डरात किंवा पेन ड्राइव्हवर घ्याव्यात, आणि मगच कॅशेला हात लावावा.

माझ्या मते टेबलावर कायम बसलेल्या, केबलने जोडलेल्या संगणकांना ऑफलाइन प्रत नकोच. ती आपोआप न ठेवण्याची पॉलिसी आहे, विंडोज 8 पासून फोल्डरनिहायसुद्धा. लॅपटॉपवाल्यांना ती ठेवावी, पण त्यांना हेही सांगावे की कार्यालयात आल्यावर लगेच झाकण मिटून मीटिंगला पळू नका, जुळवणी होऊ द्या. आउटलुकच्या पीएसटी फायली वळवलेल्या डॉक्युमेंट्समध्ये असतील तर त्या बाहेर काढाव्यात. नेटवर्कवरून पीएसटी वापरणे मायक्रोसॉफ्टला मान्य नाही, आणि त्या मोडल्या की दोष रिडायरेक्शनला लागतो. ॲपडेटा वळवण्याच्या मोहातही पडू नये. प्रोग्राम तिथे क्षणोक्षणी बारीकसारीक लिहीत-वाचत असतात, आणि प्रत्येक वेळी ते नेटवर्क ओलांडून जाऊ लागले की सगळा संगणक जड होतो.

मराठी नावांची अडचण

एक बिघाड आपल्याकडच्या कार्यालयांत जास्त दिसावा असा आहे. खर्च वाचवायला विंडोज सर्व्हरऐवजी लिनक्सवर चालणारी नॅस पेटी घेतली जाते, आणि तिच्यावर फोल्डरे वळवली जातात. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये फाइलच्या नावाला 255 चिन्हांची मर्यादा आहे. लिनक्सच्या ईएक्सटी4 मध्ये ती 255 बाइटांची आहे. इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एक बाइट, त्यामुळे फरक कळत नाही. देवनागरीत युनिकोडचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-8 मध्ये तीन बाइट घेते, आणि काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. 'इतिवृत्त' या शब्दाचे 24 बाइट होतात. म्हणजे नावाला जेमतेम 85 चिन्हे मिळतात. पत्राचा पूर्ण विषय, दिनांक आणि 'अंतिम सुधारित' असे सगळे फाइलच्या नावातच लिहिणाऱ्या विभागात ही मर्यादा सहज ओलांडली जाते. हजारो फायली नीट जातात, नेमक्या मराठी लांब नावाच्या अडतात, आणि शोधणारा परमिशन तपासत बसतो.

दुसरी मर्यादा संपूर्ण मार्गाची. अनेक प्रोग्रामांना आजही 260 चिन्हांपलीकडचा मार्ग उघडता येत नाही. स्थानिक पत्त्याच्या जागी सर्व्हर, शेअर आणि विभाग यांचा लांबलचक पत्ता आला, की फोल्डरात फोल्डर ठेवण्याची सवय असलेल्यांच्या तळातल्या फायली या मर्यादेबाहेर जातात.

आणि नावांचाच आणखी एक प्रश्न. शेअरवरचा पत्ता बहुधा लॉगिनच्या नावावरून बनतो. लग्नानंतर आडनाव बदलले म्हणून लॉगिनचे नावही बदलून द्या, अशी विनंती आली तर दिसणारे नाव आणि ईमेल जरूर बदलावे, पण पत्ता बदलू नये म्हणून शक्य तर लॉगिनचे नाव तसेच ठेवावे. तेच बदलायचे ठरले, तर त्या फोल्डरची स्वतंत्र प्रत आधी घ्यावी.

किरकोळ तक्रारी दोन. सर्व्हरवर सगळ्यांची फोल्डरे माणसांच्या नावांऐवजी 'डॉक्युमेंट्स' याच नावाने दिसू लागली, तर ती करामत आतल्या डेस्कटॉप डॉट आयएनआय फायलीची आहे. फोल्डरांची खरी नावे बदललेली नसतात. आणि वळवलेल्या डेस्कटॉपवरचा प्रत्येक शॉर्टकट उघडताना सुरक्षेचा इशारा येत असेल, तर सर्व्हरचे टिंबवाले पूर्ण नाव संगणकाला इंटरनेटवरचे वाटते आहे. ते पॉलिसीतून स्थानिक इंट्रानेटमध्ये टाकले की झाले.

काढून टाकताना

आता बरीच कार्यालये डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स वनड्राइव्हवर नेत आहेत. जिथे इंटरनेट भरवशाचे आहे तिथे ते शहाणपणाचे. जिथे ते दिवसातून चारदा जाते, तिथे कार्यालयातलाच सर्व्हर अजून बरा, या मताचा मी आहे. पण वनड्राइव्ह आधीच वळवलेली फोल्डरे स्वीकारत नाही. ग्रुप पॉलिसीचे रिडायरेक्शन आधी मोकळे करावे लागते. आणि आढाव्यातला सर्वांत दुर्लक्षित भाग इथे येतो.

पॉलिसी काढल्यावर काय व्हावे, हे पॉलिसीतच आधी ठरलेले असते. मूळ मांडणी अशी, की फोल्डर आहे तिथेच राहावे. म्हणजे पॉलिसी पुसली तरी रजिस्ट्रीतला पत्ता सर्व्हरचाच राहतो, सगळे पूर्ववत चालते, आणि काढून टाकले या समजुतीत कुणीतरी सर्व्हर बंद करतो. दुसरा पर्याय फोल्डर परत संगणकावर आणण्याचा. त्याच्यासोबत मजकूर हलवण्याची खूण असेल तर फायलींची प्रत संगणकावर येते आणि सर्व्हरवरची तशीच राहते. ती खूण नसेल तर फोल्डर परत येते, फायली येत नाहीत, आणि वापरणाऱ्याला कोरे फोल्डर दिसते. मघाच्या जून 2016 च्या प्रसंगात पॉलिसी वाचता न आल्याने ती काढल्यासारखीच समजली जाई, त्यामुळे तेव्हा कुणाच्या पदरात काय पडले हे याच खुणांवर अवलंबून होते.

म्हणून पॉलिसी नुसती पुसू नये. तिच्यातच फोल्डरचा पत्ता 'स्थानिक प्रोफाइल' असा बदलावा, मजकूर हलवण्याची खूण ठेवावी, आणि प्रत्येकाचे लॉगिन होऊ द्यावे. रजेवर गेलेले, प्रसूती रजेवर असलेल्या, फिरतीवरचे प्रतिनिधी या सगळ्यांचे लॅपटॉप यात यायला वेळ लागतो. त्यानंतरही जुना सर्व्हर थेट बंद न करता आधी पूर्ण बॅकअप घ्यावा आणि शेअर फक्त वाचण्यापुरता करून ठेवावा. ज्याचा संगणक अजून तिकडे बोट दाखवत असेल त्याला फाइल उघडता येईल, पण जतन करता येणार नाही, आणि तो फोन करील. फोन येणे थांबले आणि सर्व्हरवरच्या उघड्या फायलींची यादी काही आठवडे रिकामी राहिली, की मग यंत्राची केबल काढायला हरकत नाही.